रिपोर्टमधला 'स्ट्रोमा' म्हणजे काय, आणि गाठीभोवतीच्या पेशी कॅन्सरला खरंच मदत करतात का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की आईचं वय ६१, डाव्या स्तनात गाठ, ट्रूकट बायोप्सीचा रिपोर्ट आला त्यात 'इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २' आणि त्याच्या खाली 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' आणि 'स्ट्रोमल टीआयएल २० टक्के' असं लिहिलंय, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन हॉर्मोन धरणारे रिसेप्टर आहेत), हर-टू (वाढीचा सिग्नल घेणारं एक प्रथिन) निगेटिव्ह. मग तुम्ही गूगल केलं आणि कळलं की आजूबाजूच्या चांगल्या पेशीच कॅन्सरला खायला-प्यायला घालतात, त्यामुळे आता तुम्हाला वाटतंय की कॅन्सर आजूबाजूला पसरला म्हणूनच हे लिहिलंय. त्यात मामा म्हणतायत की सुई लावायलाच नको होती.

आधी झोप लागेल असं उत्तर देते मग बाकीचं. 'स्ट्रोमा' हा शब्द पसरण्याबद्दल नाहीच. स्ट्रोमा म्हणजे गाठीचं अस्तर म्हणा, बैठक म्हणा, ज्यात कॅन्सरच्या पेशी बसलेल्या असतात तो सगळा तंतूंचा, रक्तवाहिन्यांचा, चरबीचा भाग. तो प्रत्येक गाठीत असतो आणि इन्व्हेजिव्ह डक्टलमध्ये तर 'डेस्मोप्लास्टिक', म्हणजे घट्ट तंतूमय झालेला, इतका कॉमन आहे की आम्ही तो सवयीने लिहितो. पसरण्याबद्दलचे शब्द वेगळे असतात, रक्तवाहिनीत किंवा लसीकेच्या नळीत पेशी दिसल्या का, काखेतल्या गाठींत (लिम्फ नोडमध्ये) आहेत का, ते ऑपरेशननंतरच्या मोठ्या रिपोर्टमध्ये नीट कळेल. तर तो एक शब्द बघून घाबरू नका.

आता दुसरा भाग, की आजूबाजूच्या पेशी मदत करतात हे खरं का. खरं आहे. पण 'मदत' या शब्दात सगळी गडबड होते, कारण ऐकताना वाटतं शरीरानेच गद्दारी केली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, २६ वर्षं झाली स्लाइडी बघतेय, आणि मला ते गद्दारीसारखं कधीच दिसलं नाही, मला ते बिचाऱ्या लोकांनी खोट्या सहीचा हुकूम पाळल्यासारखं दिसतं. सांगते का ते.

ऑपरेशननंतर गाठ आमच्याकडे फॉर्मलिनच्या डब्यात येते, तिला आम्ही सुरीने कापतो त्याला ग्रॉसिंग म्हणतात. स्तनाची साधी चरबी लोण्यासारखी कापली जाते आणि गाठीवर सुरी आली की हाताला लगेच कळतं, कच्चा पेरू कापावा तसं करकरतं. आमचे सर रेसिडेन्सीत म्हणायचे, डोळे मिटून काप आणि सांग. बायकांना आंघोळीच्या वेळी हाताला जो खडा लागतो ना, तो कडकपणा कॅन्सरच्या पेशींचा नसतोच बहुतेक वेळा. कॅन्सरच्या पेशी मऊ असतात. कडक असतो तो स्ट्रोमा, म्हणजे कोलॅजनचे दोर. काही गाठींत तर मायक्रोस्कोपखाली बघितलं की अर्ध्याहून जास्त जागा स्ट्रोमाचीच, मध्ये मध्ये कॅन्सरच्या पेशींच्या रांगा आणि घोळके. तेव्हा 'कॅन्सरची गाठ' असं आपण म्हणतो पण वजनाने बघाल तर त्यातला बराच माल आपल्याच चांगल्या पेशींनी आणून टाकलेला असतो.

कोण टाकतं? फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. शरीराचे गवंडी. कुठे कापलं, खरचटलं की या जाग्या होतात, कोलॅजन विणतात, जखमेच्या कडा ओढून जवळ आणतात, नवीन रक्तवाहिन्यांना बोलावणं पाठवतात, आणि जखम भरली की गुपचूप निवृत्त होतात किंवा मरून जातात. कॅन्सरच्या पेशी जी रसायनं सोडतात, टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ वगैरे, ती हुबेहूब जखमेच्या वेळची रसायनं असतात. गवंड्याला काय कळणार, त्याला वाटतं इथे जखम झालीय, तो विटा रचायला लागतो. फरक इतकाच की 'बास, झालं काम' हा निरोप कधी येतच नाही. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं, की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. मला आजही कुणी विद्यार्थ्याने विचारलं तर मी यापेक्षा चांगलं वाक्य शोधत बसत नाही.

बरं हे गवंडी नुसतं रचत नाहीत, काही काळाने त्यांचा स्वभावच बदलतो. २००५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या लॅबमध्ये अकिरा ओरिमो यांनी एक प्रयोग केला, बायकांच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठीतले फायब्रोब्लास्ट काढले, आणि त्याच स्तनातल्या गाठीपासून लांबच्या भागातलेही काढले, दोन्ही वेगवेगळे कॅन्सरच्या पेशींबरोबर मिसळून उंदरांना टोचले. गाठीतल्या फायब्रोब्लास्टबरोबर ट्यूमर जास्त मोठे झाले, रक्तवाहिन्याही जास्त. कॅन्सरच्या पेशी त्याच, बदलला फक्त शेजारी. हे शेजारी सीएक्ससीएल१२ नावाचा एक सिग्नल सोडत होते, तो रक्तवाहिन्या बनवणाऱ्या पेशींना ओढून आणत होता आणि कॅन्सरच्या पेशींना थेट वाढायलाही सांगत होता. आणि लॅबमध्ये वाढवल्यावर, कॅन्सरपासून लांब ठेवल्यावरसुद्धा त्या फायब्रोब्लास्टची ती सवय बरेच दिवस गेली नाही. संगतीचा परिणाम म्हणतात तो.

कोलॅजनच्या दोरांचंही तसंच. आधी ते गाठीभोवती गुंडाळल्यासारखे असतात, नंतर ओढून ताणून सरळ होतात आणि गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहतात, मग कॅन्सरच्या पेशी त्या दोरावरून, शेताच्या बांधावरून माणसं चालतात तशा, एकामागून एक बाहेर चालत जातात. शिवाय कडकपणा हा स्वतःच एक सिग्नल आहे, पेशी ज्यावर बसलीय ते किती टणक आहे हे तिला कळतं आणि टणक असेल तर तिची वाढायची यंत्रणा चेकाळते. मॅमोग्राफीत स्तन 'डेन्स' लिहिलेला असतो तोही बराचसा या स्ट्रोमाचाच प्रकार, आणि सर्वात डेन्स स्तन असणाऱ्या बायकांना जवळपास पूर्ण चरबीचा स्तन असणाऱ्यांपेक्षा कॅन्सरची रिस्क चार-पाच पट निघते. (डेन्स म्हणजे कॅन्सर नव्हे, हे कंसात पण मोठ्याने.)

आता एक गोष्ट जी मला स्वतःला फार आवडते, जरा लांबेल पण वाचा. मीना बिसेल म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, मूळच्या इराणच्या, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं. कोंबड्यांना एक व्हायरस ट्यूमर करतो, राउस सार्कोमा व्हायरस, त्यात कॅन्सरचा जीनच असतो. बाईंच्या टीमने १९८४ मध्ये दाखवलं की हाच व्हायरस अंड्यातल्या गर्भाला टोचला तर ट्यूमर होत नाही. जीन पेशीत शिरलाय, कामही करतोय, आणि पंख आपला छान बनतोय. त्याच पेशी तिथून काढून प्लेटमध्ये टाकल्या की कॅन्सरसारख्या वागायला लागल्या. म्हणजे गर्भाचं वातावरण त्या जीनला गप्प बसवत होतं. तेव्हा सगळं जग जीनच्या मागे धावत होतं, बाईंचं ऐकून घ्यायला बराच काळ गेला.

मग १९९७ मध्ये त्यांच्या लॅबने, वलेरी वीव्हर वगैरे मंडळींनी, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सपाट प्लेटऐवजी एका जेलीत वाढवल्या, स्तनात जशी बैठक असते साधारण तशी. कॅन्सरच्या पेशींनी तिथे वेडेवाकडे घोळके केले. मग पेशी ज्या हुकने बाहेरच्या बैठकीला धरून असते, बीटा-वन इंटिग्रिन नाव त्याचं, त्या हुकवर अँटिबॉडी टाकली. आणि त्या पेशी वळून गोल, नीट बसल्या, साध्या दुधाच्या ग्रंथीसारख्या. जीनमधले बिघाड सगळे जिथल्या तिथे. नुसतं शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येण्याचा कान बंद केला तर पेशी शहाण्यासारखी वागली. हे सगळं लॅबमध्ये हं, त्याचं थेट औषध काही झालेलं नाही, नाहीतर उद्या मला विचाराल ते इंजेक्शन कुठे मिळतं.

(जाता जाता, पेशी शरीराबाहेर वाढवायचं हे काम आपल्याकडे मुंबईत परळला सुरू करणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे होत्या, पुण्याच्या, १९१७ चा जन्म, उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर काम, १९८२ ला पद्मभूषण. शाळेच्या पुस्तकात का नाही कुणास ठाऊक.)

मामांच्या सुईकडे येते. मामांना वेड्यात काढू नका, त्यांच्या शंकेत तथ्याचा एक कण आहे आणि तोच त्रास देतो. बिसेलबाईंच्याच लॅबने पुढे असंही दाखवलं होतं की एका पंखात व्हायरस टोचलेल्या, म्हणजे तो रक्तात फिरत असलेल्या कोंबडीला दुसऱ्या पंखावर जखम केली तर त्या जखमेच्या जागी ट्यूमर होतो. जखमेचं वातावरण कॅन्सरला मानवतं, बरोबर. पण ती कोंबडी आहे आणि तिच्या अंगभर ट्यूमरचा व्हायरस फिरतोय. माणसात ट्रूकट सुईची जखम चिमूटभर, काही दिवसांत भरते, आणि जगभर लाखो बायकांची बायोप्सी होऊन मग उपचार होतात, तसं केल्याने आयुष्य कमी झालेलं दिसलेलं नाही. उलट सुई न लावता थेट गाठ कापून काढलेल्या केसेस माझ्याकडे येतात, ना हर-टू माहीत ना ईआर, अर्धवट ऑपरेशन, मग दुसरं ऑपरेशन, आणि मधे सहा महिने कुठल्यातरी लेपात गेलेले. तुमच्या आईची सुई योग्य तेच झालं.

ऑपरेशनच्या वेळी आजूबाजूच्या भागाला काय होतं यावर मात्र आपल्याच टाटा मेमोरियलने एक मस्त काम केलंय. डॉ. राजेंद्र बडवे आणि मंडळींनी देशातल्या ११ सेंटरमध्ये सुमारे १६०० बायकांवर ट्रायल केली, अर्ध्या जणींना गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचलं, आपल्या दातवाल्याकडे मिळतं तेच भूल देणारं स्वस्त औषध, ०.५ टक्क्याचं. २०२३ मध्ये निकाल छापून आला, ५ वर्षांनी हयात असलेल्या बायका ८६.४ टक्क्यांच्या जागी ९०.१ टक्के. कल्पना अशी की कापाकापीच्या वेळी गाठीच्या कडेच्या पेशींत जी खळबळ माजते आणि त्या निसटतात, ती पेशींवरची सोडियम आत घेणारी दारं बंद करून थोडी शांत करायची. तुमच्या सर्जनना विचारायला काहीच हरकत नाही की ते हे करतात का. ते नाही म्हणाले तर भांडू नका, सगळीकडे अजून ती पद्धत झालेली नाही.

राखणदारांबद्दल थोडक्यात. दुधाच्या नळीला आतून एक थर असतो आणि त्याच्या बाहेर मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा थर, बाळ पिताना दूध ढकलायला या आकुंचन पावतात. याच पेशी आतल्या थराला आवरूनही धरतात. कॅन्सर नळीच्या आत आहे तोवर, म्हणजे डीसीआयएस, हा थर शाबूत असतो, तो फाटला की इन्व्हेजिव्ह. म्हणून शंका आली की आम्ही पी६३चा स्टेन, म्हणजे या मायोएपिथेलियल पेशींनाच चढणारा रंग, लावतो, नळीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ दिसली की हायसं वाटतं. बऱ्याच बायकांचं अख्खं उपचाराचं गणित या ठिपक्यांच्या माळेवर ठरतं आणि त्यांना ते माहीतही नसतं.

आता २० टक्के टीआयएल. गाठीत इम्युनिटीच्या पेशीही असतात आणि त्यातही दोन पक्ष. एक मॅक्रोफेज, म्हणजे सफाई कामगार, जखमेतला कचरा खाणारे. यांनाही गाठ जखमच वाटते. न्यूयॉर्कला जॉन पोलार्ड यांच्या लॅबने २००१ मध्ये असे उंदीर घेतले ज्यांना स्तनाचा कॅन्सर होणारच, पण त्यांच्यात मॅक्रोफेजना बोलावणारा सीएसएफ-१ हा सिग्नलच बंद केलेला. गाठी झाल्या, तितक्याच झाल्या, पण फुप्फुसात पसरणं खूपच कमी झालं. म्हणजे मॅक्रोफेज नसले तरी गाठ होते, पण तिला घराबाहेर पडायची वाट सापडत नाही. पुढे त्यांच्याच गावचे जॉन कॉन्डीलिस यांनी जिवंत उंदराच्या गाठीत मायक्रोस्कोप लावून बघितलं, की कॅन्सरची पेशी आणि मॅक्रोफेज हातात हात घालून रक्तवाहिनीपर्यंत जातात, कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ देते, मॅक्रोफेज ईजीएफ हा वाढीचा सिग्नल देतो, आणि जिथे एक मॅक्रोफेज, एक कॅन्सरची पेशी आणि रक्तवाहिनीच्या भिंतीची पेशी असे तिघं एकत्र येतात तिथे भिंत क्षणभर सैल होते आणि कॅन्सरची पेशी आत सटकते. मॅक्रोफेजला हे माहीत नाही हो. तो आपला जखमेतली वाहिनी उघडून देतोय.

दुसरा पक्ष लिम्फोसाइट, त्यातले टी-सेल खरे लढणारे. टीआयएल म्हणजे हेच, गाठीत शिरलेले लिम्फोसाइट, आणि २० टक्के म्हणजे स्ट्रोमाच्या जागेपैकी पाचवा हिस्सा त्यांनी व्यापलाय असा आमचा डोळ्यांचा अंदाज. (अंदाजच म्हणतेय, दोन पॅथॉलॉजिस्ट बसवले तर एक १५ म्हणेल एक २५, म्हणून २०१४ मध्ये मोजायचे आंतरराष्ट्रीय नियम केले.) ट्रिपल निगेटिव्हमध्ये (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्हमध्ये हे जास्त असले की चांगलं, केमोला उत्तर चांगलं मिळतं. ट्रिपल निगेटिव्हच्या बायकांना तर या टी-सेलचा ब्रेक काढणारं औषध, पेंब्रोलिझुमॅब, केमोबरोबर दिलं तर ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या बायका ५१.२ वरून ६४.८ टक्क्यांवर गेल्या, आणि २०२१ पासून अमेरिकेत ते सुरुवातीच्या स्टेजलाही मान्य झालं. आपल्याकडेही मिळतं, किंमत मात्र घाम फोडणारी. पण तुमच्या आईचा प्रकार वेगळा आहे, ईआर पॉझिटिव्ह हर-टू निगेटिव्ह, आणि या प्रकारात टीआयएल जास्त असणं चांगलंच असं म्हणता येत नाही, मोठ्या अभ्यासांत तर उलटं निघालंय. आईचे २० टक्के मी बघितले असते तर लिहिले असते आणि पुढच्या ओळीवर गेले असते. त्या आकड्यावर आईचं कुठलंही औषध ठरत नाही.

आईचं औषध काम करतं ते चरबीवर, आणि ही शेजाऱ्यांच्या गोष्टीतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. स्तनात चरबी भरपूर. पाळी गेल्यावर अंडाशयाची इस्ट्रोजेनची भट्टी विझते, मग ६१व्या वर्षी ईआर पॉझिटिव्ह गाठीला इस्ट्रोजेन देतं कोण? चरबी. चरबीच्या मधल्या स्ट्रोमाच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते अॅड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या कच्च्या मालाचं इस्ट्रोजेन करतं, भट्टी बंद पण घरोघरी चुली पेटलेल्या असा प्रकार. गाठीच्या शेजारच्या चुली तर जास्तच पेटतात कारण गाठीभोवतीची सूज, प्रोस्टाग्लँडिन वगैरे, त्या अरोमाटेजला फुंकर घालते. वजन जास्त असेल तर चुली जास्त आणि सूजही जास्त, मरत्या चरबीच्या पेशीभोवती मॅक्रोफेजनी रिंगण धरलेलं आम्हाला स्लाइडवर दिसतं. आईला ऑपरेशननंतर बहुधा लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल सुरू करतील, त्या गोळीने या चुली विझतात. म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरचं आज सर्वात जास्त दिलं जाणारं एक औषध मुख्यतः कॅन्सरच्या पेशीवर नाही तर तिच्या शेजाऱ्यांवर काम करतं, आणि पाच-पाच, सात-सात वर्षं बायका ती गोळी घेतात. पाळी चालू असलेल्या बाईला नुसती ही गोळी दिली तर उपयोग नाही, कारण मोठी भट्टी चालूच. सांधे दुखतात या गोळीने, हाडंही ठिसूळ होतात, ते आधीच सांगून ठेवते म्हणजे आईने मधेच बंद करायला नको. बंद करणाऱ्या बऱ्याच असतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत.

हाडांवरून, पसरण्याचं राहिलं. १८८९ मध्ये लंडनला स्टीफन पॅजेट या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी बघितल्या. लिव्हरमध्ये कॅन्सर २४१ जणींत, प्लीहेत फक्त १७. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं. तो म्हणाला बी सगळीकडे उडतं पण मानवेल त्याच जमिनीत उगवतं. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको, जून संपता संपता बियाणं घरात तयार असतं तरी वाफसा आल्याशिवाय कुणी पेरतं का? स्तनाच्या कॅन्सरला वाफसा लवकर मिळतो तो हाडात. हाड हे सारखं मोडून बांधलं जात असतं, मोडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट आणि बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. कॅन्सरची पेशी तिथे जाऊन पीटीएचआरपी सोडते, त्याने बांधणारे 'रँक-एल' दाखवतात, त्याने मोडणारे चेकाळतात, हाड विरघळतं, हाडात साठलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो, तो पिऊन कॅन्सरची पेशी आणखी पीटीएचआरपी सोडते. चक्र. कॅन्सर स्वतः हाड खात नाही, खाणारे आपलेच.

मग मोडणाऱ्यांनाच थंड केलं तर? झोलेड्रोनिक अॅसिड हे हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात तेच इंजेक्शन. २०१५ मध्ये २६ ट्रायलच्या १८,७६६ बायकांचा एकत्र हिशोब निघाला या गटाच्या औषधांचा, पाळी गेलेल्या बायकांत १० वर्षांत हाडात परत येणं ८.८ वरून ६.६ टक्के आणि स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू १८.० वरून १४.७ टक्के. पाळी चालू असलेल्यांत काही फरक नाही. म्हणजे औषध तेच, बी तेच, जमीन वेगळी.

इतकं सगळं छान वाटतंय तर शेजाऱ्यांवर औषधं काढून कॅन्सर संपवला का नाही असं वाटेल. प्रयत्न झाले आणि चांगलेच तोंडावर आपटले. रक्तवाहिन्या बंद करणारं बेव्हॅसिझुमॅब २००८ मध्ये अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरला मान्य झालं, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ती मान्यता काढून घेतली, कारण गाठी काही महिने थांबायच्या पण बायका जास्त जगत नव्हत्या आणि बीपी, रक्तस्राव वेगळेच. स्ट्रोमा कापणाऱ्या एन्झाइमवरची मॅरिमास्टॅटसारखी औषधं, सांधे धरले पण कॅन्सर नाही धरला. आणि सगळ्यात मोठा धडा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, २०१४ मध्ये उंदरांतल्या गाठीतून हे फायब्रोब्लास्टच काढून टाकले तर गाठ आणखी आडदांड झाली. म्हणजे तेच गवंडी एकीकडे विटा पुरवत होते आणि दुसरीकडे भिंत घालून अडवतही होते, एकाच गाठीत दोन्ही प्रकारचे. आता लोक त्यांच्यातल्या जाती वेगळ्या करतायत, कोण कुठला ते. मी स्लाइडवर बघते तेव्हा मला सगळे एकसारखे चवळीच्या शेंगेसारखे लांबुळके दिसतात, चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

म्हणून 'शरीराचं वातावरण बदला, कॅन्सर आपोआप जाईल' असे फॉरवर्ड येतील ना तुम्हाला, येतीलच, आईचं कळलं की नातेवाईकांचा पूर येतो, अल्कलाइन पाणी, कसलं कसलं चूर्ण, त्यात हीच बिसेलबाईंची आणि बी-जमिनीची खरी गोष्ट अर्धी वापरलेली असते. त्यांना नमस्कार करा आणि सोडून द्या. वजन आटोक्यात आणि रोज चालणं, एवढंच वातावरणाचं घरगुती काम, बाकी लेट्रोझोल.

तुम्ही करायचं ते एवढंच. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला की त्यात गाठीचा साइज, काखेतल्या किती गाठी तपासल्या आणि किती पॉझिटिव्ह, कडा मोकळ्या आहेत का, लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, म्हणजे वर म्हटलं तसं रक्तवाहिनीत किंवा लसीकेच्या नळीत पेशी, आहे का हे बघा, स्ट्रोमाची ओळ सोडून द्या. ऑन्कॉलॉजिस्टना विचारा की आईला झोलेड्रोनिक द्यायचं का आणि किती महिन्यांनी. हो म्हणाले तर किडनीची क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन डी, कॅल्शियम बघून घेतील, पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप-अंगदुखी होते, घाबरू नका, पॅरासिटामॉल पुरतं. आणि इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी आईला एकदा दातांच्या डॉक्टरांकडे न्या, या औषधात क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही आणि ते बहुतेक दात काढल्यावरच होतं, तेव्हा एखादी किडकी दाढ काढायची राहिली असेल तर ती आधीच काढून, जखम पूर्ण भरू द्या, मग इंजेक्शन.